पेजिंगसाठी व्हॉल्यूम निवडताय? या चुका टाळा

झेड/ओएसवर (आयबीएम मेनफ्रेमची ऑपरेटिंग सिस्टिम) लोकल पेज डेटासेट, म्हणजे मेमरीतली पानं उतरवून ठेवायच्या डिस्कवरच्या फाइल्स, मांडायचे म्हटलं की पहिला प्रश्न येतो, ‘किती जीबी लागतील?’ प्रश्न बरोबर आहे, पण अर्धाच. एका वेळी किती आय/ओ (डिस्कवरची वाचणी-लिहिणी) चालू शकतील, हे ठरल्याशिवाय व्हॉल्यूमचा, म्हणजे सिस्टिमला दिसणाऱ्या एकेका डिस्कचा, आकार ठरवू नये.

आधी हिशेब. ३३९० या मेनफ्रेम डिस्कच्या एका ट्रॅकवर ४ केबीचे १२ स्लॉट (प्रत्येकी एका पानाची जागा) बसतात, सिलिंडरमध्ये १५ ट्रॅक, म्हणजे १८० स्लॉट. या डिस्कचे ३, ९, २७ असे लहानमोठे मॉडेल असतात; मॉडेल ९ मध्ये १०,०१७ सिलिंडर, म्हणून १८,०३,०६० स्लॉट. जेमतेम ७ जीबी. डिस्कची क्षमता मात्र साडेआठ जीबी सांगतात. तो आकडा धरणारे इथेच फसतात.

त्यातही सगळी जागा वापरायला मिळणार, असं धरू नका. लोकल डेटासेट ३० टक्क्यांच्या आत भरलेले बरे. त्यापुढे एएसएमला (पानं डिस्कवर ने-आण करणारा झेड/ओएसचा भाग) सलग मोकळे स्लॉट सापडणं अवघड जातं आणि एका दमात लिहून होणारी पानं विखुरतात. गर्दीच्या वेळी १२ जीबी पानं डिस्कवर जात असतील, तर ४० जीबी मांडा.

आता खरी गोम. हे ४० जीबी मॉडेल २७ च्या २ व्हॉल्यूमवर बसतात, मॉडेल ९ च्या ६, किंवा मॉडेल ३ च्या १८ व्हॉल्यूमवर. पीएव्ही (एकाच व्हॉल्यूमला एलियस, म्हणजे जादा पत्ते, देऊन एकाच वेळी अनेक आय/ओ चालवायची सोय) नसेल तर एका व्हॉल्यूमवर एका वेळी एकच आय/ओ, बाकीचे रांगेत. मोठा एसव्हीसी डंप (बिघाडाच्या वेळी सिस्टिम घेते ती मेमरीची नक्कल) सुरू झाला की दोन व्हॉल्यूमवाली सिस्टिम धापा टाकते. हायपरपीएव्ही (एलियस गरजेप्रमाणे वाटून देणारी पीएव्ही) असेल तर मोठे व्हॉल्यूम चालतात, पण एलियस पुरेसे आहेत का ते बघा. पीएव्ही, हायपरपीएव्ही दोन्ही नसेल तर मी डोळे मिटून मॉडेल ९ घेईन. मॉडेल ३ च्या १८ व्हॉल्यूमची उस्तवार कोण करणार?

लहानमोठे डेटासेट मिसळू नका. लहान आधी भरतात आणि भार उरलेल्यांवर पडतो. त्याच व्हॉल्यूमवर दुसरा वापरातला डेटासेट ठेवणं तर नकोच. आणि सहाही व्हॉल्यूम एकाच रँकवर (स्टोरेजमधल्या खऱ्या डिस्कच्या एकाच गटावर) असतील, तर खाली डिस्क त्याच.

पेजिंग रेंगाळतंय अशी शंका आली की आरएमएफचा (सिस्टिमची कामगिरी मोजणारं साधन) पेज डेटासेट अहवाल काढा. एकच डेटासेट सतत व्यस्त आणि बाकीचे निवांत असतील, तर दोष बहुधा मांडणीत. सिस्टिमचा इशारा आयआरए२००ई म्हणजे ७० टक्के भरलं, आयआरए२०१ई म्हणजे ८५. तिथवर वाट पाहू नका. ‘डी एएसएम’ या कमांडने टक्केवारी रोज दिसते.

तातडीने वाढवायचं तर पेजॲड ही कमांड आहे, पण पॅगटॉटलची (किती पेज डेटासेट चालतील ते ठरवणारी सेटिंग) मर्यादा संपलेली असेल तर ते नाकारलं जातं आणि ती मर्यादा आयपीएलशिवाय (सिस्टिम पुन्हा सुरू केल्याशिवाय) वाढत नाही. जोडलेली नावं आयईएएसवायएस मेंबरच्या (सुरू होताना सिस्टिम वाचते ती सेटिंगची फाइल) पेज यादीतही लगेच घाला. पुढच्या सीएलपीए आयपीएलला (सामायिक प्रोग्रॅमचा भाग नव्याने भरून केलेली सुरुवात) सिस्टिम तीच यादी वाचते.