एकाच मुलाला नाव कितीजणांनी विचारायचं? आपत्तीत बालसंरक्षणाच्या कामात येऊ पाहणाऱ्यांसाठी

२०२१च्या जुलैत गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये पुरातून आलेली कुटुंबं उतरली होती. म्हादई नदीचं पाणी ओसरायला लागलं होतं, पण घरांत गुडघाभर चिखल होता. मी आपत्तीत मुलांसाठीच्या मदतकामाचा समन्वय करते. त्या दिवशी कोपऱ्यातल्या बाकावर कागद मांडत होते, तेवढ्यात सात-आठ वर्षांची एक मुलगी समोर येऊन उभी राहिली. मी तोंड उघडायच्या आत तिनं पाठ केलेल्या कवितेसारखं सगळं सांगून टाकलं. नाव, बाबांचं नाव, कितवीत आहे, घरात पाणी कुठवर आलं, दप्तर वाहून गेलं. मग केस कानामागे सारले, हनुवटी वर केली आणि तशीच थांबली. फोटोसाठी.

"बाय, हें तुका कोणें शिकयलें?" मी विचारलं.

"सगळींच विचारतात मगे," ती म्हणाली.

सकाळपासून चार गट येऊन गेले होते. सगळी माणसं चांगल्या मनाची. कुणी वह्या आणल्या, कुणी बिस्किटं, कुणी मुलांना गाणी शिकवली. पण हॉलमधल्या मुलांच्या चार याद्या तयार झाल्या आणि चारही आकडे वेगळे. एकानं चौदा वर्षांपर्यंतची मुलं मोजली होती, एकानं अठरापर्यंतची. एकाच्या यादीत काल रात्रीच मामाकडे गेलेली तीन भावंडं अजून होती. आणि चारही वह्यांत मुलं सुरक्षित असल्याची नोंद होती, तरी इमारतीमागच्या संडासाला आतून कडी नव्हती आणि तिथे दिवाही नव्हता, हे कुणी लिहिलं नव्हतं. ती मुलगी रात्री तिथे जायलाच तयार नव्हती. मला हे तिच्या आजीनं सांगितलं, तेही मी यादी बाजूला ठेवून तिच्याबरोबर पेज प्यायला बसले तेव्हा.

या क्षेत्रात यायचं ठरवलेली मुलंमुली मला विचारतात की समन्वय म्हणजे नेमकं काय करायचं असतं. बैठका, तक्ते, फोन हे खरंच आहे. पण तो सगळा खटाटोप कशासाठी, हे मला विचाराल तर मी त्या हॉलकडे बोट दाखवीन. मुलाला एकदाच विचारावं लागावं, त्याचं उत्तर योग्य माणसापर्यंत पोचावं, आणि कडी कोण बसवणार हे संध्याकाळच्या आत ठरावं, यासाठी.

मी हे शिकले गोव्याबाहेर. २५ एप्रिल २०१५ला नेपाळमध्ये ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला, जवळपास नऊ हजार माणसं गेली. मी तेव्हा समाजकार्याचं शिक्षण संपवून दोन वर्षं नोकरी केलेली. एका संस्थेबरोबर सिंधुपाल्चोक जिल्ह्यात गेले. माझ्याकडे आलेलं काम ऐकायला अगदी साधं होतं: बालसंरक्षणाच्या बैठकीचं इतिवृत्त लिहायचं. नेपाळी देवनागरीत लिहितात, त्यामुळे सरकारी फलक आणि अर्ज मला पहिल्या दिवसापासून वाचता येत होते. 'समन्वय' आणि 'संरक्षण' हे शब्द तर जसेच्या तसे. बाहेरून आलेल्या अनेकांना जे दुभाष्याशिवाय कळत नव्हतं, ते मला निम्मंअर्धं कळायचं, आणि म्हणून स्थानिक महिला व बालविकास कार्यालयातल्या बाई माझ्याशी बोलायच्या. भाषा येणं ही या कामातली फार मोठी पात्रता आहे. अर्ज लिहिताना आपली कोकणी, मराठी, कन्नड, हिंदी खालच्या ओळीत लपवू नका.

तिथे तंबूत ताडपत्रीवर एक तक्ता टांगलेला असे: कोण, काय, कुठे, केव्हा. प्रत्येक संस्थेनं आपली ओळ भरायची. तिसऱ्या बैठकीत मी तो नकाशावर मांडून पाहिला, तर रस्त्याकडेच्या एकाच मैदानाजवळ तीन संस्था मुलांसाठी खेळायची सुरक्षित जागा उभारणार होत्या. वर डोंगरातल्या, दोन-तीन तास चालत जायच्या वाड्यांच्या ओळी कोऱ्या होत्या. कुणाची लबाडी नव्हती. गाडी जिथवर जाते तिथवर मदत जाते. कोऱ्या ओळी मोठ्यानं वाचून दाखवणं हे त्या दिवशी माझं काम होतं. आवाज कापत होता, पण वाचल्या. एका संस्थेनं आपली जागा बदलली. तेव्हापासून मी तक्त्यात भरलेल्या ओळींच्या आधी रिकाम्या ओळी पाहते.

ही व्यवस्था कुठून आली ते थोडक्यात माहीत हवं. मोठ्या आंतरराष्ट्रीय आपत्तीत मदतसंस्थांची कामं विषयवार वाटून घ्यायची पद्धत २००५च्या सुधारणांनंतर आली. निवारा, पाणी, आरोग्य असे गट असतात आणि प्रत्येकाची एक जबाबदार संस्था. संरक्षणाचा गट संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेकडे आणि त्यातला बालसंरक्षणाचा भाग युनिसेफकडे. या कामाचे किमान मानदंड पहिल्यांदा २०१२ला प्रसिद्ध झाले, २०१९ला सुधारून आले. आता ते २८ आहेत आणि पहिलाच मानदंड समन्वयाचा आहे. या मानदंडांचं पुस्तक फुकट मिळतं. सगळं एका दमात वाचायला जाऊ नका. पहिला, माहितीच्या व्यवस्थापनाचा पाचवा, कुटुंबापासून तुटलेल्या मुलांचा तेरावा आणि एकेका मुलाच्या प्रकरणाचा पाठपुरावा कसा करायचा ते सांगणारा अठरावा, एवढे चार आधी वाचा.

तेराव्यातला एक भेद जन्मभर लक्षात ठेवावा असा आहे. आईवडिलांपासून तुटलेलं, पण आजीकडे, काकाकडे असलेलं मूल वेगळं, आणि सोबत जबाबदारी घेणारं कुणीच मोठं माणूस नसलेलं मूल वेगळं. दोघांपैकी कुणालाही 'अनाथ' म्हणायची घाई करायची नाही. २०१०च्या हैतीतल्या भूकंपानंतर बाहेरून आलेल्या एका गटाला ३३ मुलं सीमेपलीकडे नेताना अडवलं गेलं. ती मुलं अनाथ समजून नेली जात होती. पुढे कळलं की त्यांच्यातल्या बहुतेकांचे आईबाप जिवंत होते. नेपाळ सरकारनंही भूकंपानंतर पालक किंवा परवानगीशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर नेण्यावर बंदी घातली आणि परदेशी दत्तकविधान थांबवलं. चौतारा गावातल्या चौकीवर पोलीस बसगाड्या थांबवून एकेका मुलाला "तुझ्याबरोबर कोण आहे?" असं विचारताना मी पाहिले आहेत.

आपल्याकडे परिस्थिती निराळी आहे. इथे आपत्तीचं नेतृत्व सरकारकडे असतं. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५चा, जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. मुलांसाठी जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि बाल कल्याण समिती. बालन्याय कायदा २०१५ सांगतो की काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल सापडलं तर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत समितीपुढे हजर करायचं. मुलावर लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर २०१२च्या पॉक्सो कायद्यानं कळवणं बंधनकारक, 'आधी संस्थेत चर्चा करू' ही सवलत नाही. गोव्याला तर २००३पासून स्वतःचा बालक कायदा आहे आणि बाल न्यायालयही. १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी आता सरकारी नियंत्रण कक्षातून चालते. बाहेरच्या देशांतली पद्धत शिकून आलेल्यांनी हे न वाचता इथे बैठक बोलावली की पहिल्या पाच मिनिटांत मामलेदारांचा विश्वास गमावतात. नव्या माणसानं येऊन 'समन्वय मी करतो' म्हणायचं नसतं. आधी चालू असलेल्या बैठकीत खुर्ची मागायची असते.

आता माझी चूक सांगते, कारण ती तुमच्याकडून होऊ नये असं मला मनापासून वाटतं. सत्तरीतल्या त्याच पुरात मी त्या चार याद्यांची एक यादी केली. काम चोख झालं होतं. कोणती मुलं पालकांशिवाय आहेत त्यांच्यापुढे खूण केली, आणि सगळ्यांना लगेच कळावं म्हणून यादीचा फोटो व्हॉट्सअॅपवरच्या मदतकार्याच्या गटात टाकला. गटात दीडशेच्या वर माणसं होती. ते वर्ष आठवा. मे महिन्यापासून 'आईवडील कोविडनं गेले, बाळ दत्तक द्यायचं आहे' असे संदेश फिरत होते आणि ते पुढे पाठवू नका असं सरकारला सांगावं लागत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी एक जोडपं हॉलच्या दारात उभं. त्यांच्या फोनमध्ये माझी यादी होती. दोन भावांची नावं घेऊन ते म्हणाले, "ह्यांना आम्ही नेतो, चांगलं सांभाळू." त्या मुलांचे आईवडील कामासाठी पलीकडे अडकले होते, रस्ता खचला होता, इतकंच. मुलं आजोबांजवळ होती. आजोबांनी दोघांना घट्ट धरून ठेवलं. ते जोडपं वाईट होतं असं मी म्हणणार नाही, मला ते माहीतच नाही. पण दार उघडलं मी. बालन्याय कायद्याच्या ७४व्या कलमानुसार अशा मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे, हे मला परीक्षेत लिहिता आलं होतं.

तेव्हापासून माझी पद्धत पक्की आहे. गटात जातात ते फक्त आकडे आणि गरजा: या हॉलमध्ये एवढी मुलं, दूध हवं, कडी हवी. नावं एका वहीत, वही एका माणसाकडे, आणि त्या वहीतलं कुणाला, का आणि किती सांगायचं हे पहिल्याच बैठकीत लिहून सही करून ठरवायचं. सहीला लोक कंटाळतात. तरी घ्या.

दुभाष्याचंही तसंच. आपल्याकडे शिबिरात कर्नाटकातून मजुरीला आलेली कुटुंबं असतातच, मुलं कन्नड बोलतात आणि अर्ज मराठीत. हाताशी असतो म्हणून त्यांच्यातल्याच बारा-तेरा वर्षांच्या चुणचुणीत मुलाला बोलायला बसवतात. तो सगळ्यांच्या घरातलं सगळं ऐकतो. त्याच्यावर हे ओझं टाकू नका. आम्हाला शेवटी अंगणवाडीतली मदतनीस सापडली, तिचं माहेर बेळगावकडचं. ती दोन दिवस तिथेच होती, फक्त तिला कुणी विचारलं नव्हतं.

शिक्षणाचं विचाराल तर समाजकार्याची पदवी उपयोगी पडते. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत आपत्तीविषयक अभ्यासाचा वेगळा विभागही आहे. युनिसेफच्या अगोरा या संकेतस्थळावर बालसंरक्षणाचे अभ्यासक्रम फुकट करता येतात. पण समन्वयक म्हणून थेट कुणी घेत नाही, आणि घेऊ नये असं माझं मत आहे. आधी दोन-तीन वर्षं प्रत्यक्ष मुलांच्या प्रकरणांवर काम करा; एका मुलाला घरी पोचवायला किती फोन लागतात ते हातानं केल्याशिवाय कळत नाही. एक्सेल नीट शिका. बैठकीचं इतिवृत्त एका पानात, त्याच संध्याकाळी द्यायला शिका: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. माझी आजवरची जवळजवळ सगळी कामं मला इतिवृत्तांमुळे मिळाली. आणि रात्री झोप लागेनाशी झाली तर वरिष्ठांना सांगा. मी नेपाळहून आल्यावर गणपतीच्या चवथीपर्यंत कुणाला काही बोलले नाही, घरात आरती चालू असताना मला तंबूतला आवाज यायचा. आईच्या लक्षात आलं म्हणून निभावलं.

पाऊस नसताना करायचं काम मात्र कुठल्याच अभ्यासक्रमात ठळक नसतं. दरवर्षी मे महिन्यात मी फोनची यादी उघडते. पंच, तलाठी, शाळांचे मुख्याध्यापक, अंगणवाडी सेविका, आरोग्य केंद्र, बाल संरक्षण कक्ष. प्रत्येकाला फोन करते, कारण दरवर्षी काही नंबर बदललेले असतात आणि काही माणसांची बदली झालेली असते. शिबिर कुठल्या शाळेत होणार, किल्ली कुणाकडे, तिथे न्हाणीघर कसं आहे, एवढंच विचारायचं. यंदा सत्तरीतल्या त्या गावच्या सेविकेनं फोन उचलताच, मी काही बोलायच्या आधी सांगितलं, "कडी बसयली गो. बल्बूय लायला."