ऐनाची लागवड: जागा, बी आणि पहिली दोन वर्षे

गोव्याचा राज्यवृक्ष असलेला ऐन, म्हणजेच आपल्याकडची माट्टी, मोले, बोंडला आणि खोतीगावच्या रानांत सहज दिसतो. परसात मात्र तो क्वचितच कोणी लावतो. तो 30 मीटरपर्यंत उंच जाऊ शकतो, त्यामुळे घर आणि विजेच्या तारा यांपासून निदान 10 मीटर अंतर राखावे. जागा आधीच नीट ठरवलेली बरी, कारण 1984 च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार खासगी जमिनीतले झाडही वनखात्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. ऐनाला भरपूर ऊन लागते. माडाच्या किंवा आंब्याच्या दाट सावलीत त्याचे रोप खुरटते.

पाच पंखांची फळे साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात पिकून तपकिरी होतात. त्यांतली बरीचशी पोकळ निघतात, म्हणून गोळा केलेल्यांपैकी चार-पाच फळे कोयत्याने आडवी कापून पाहावीत आणि मधल्या टणक भागात पांढरा, भरीव गर असेल तरच त्या झाडाचे बी धरावे. पंख छाटले तर फळ मातीत नीट बसते. ही फळे दोन दिवस पाण्यात भिजवून मे महिन्यात पेरावीत.

रोपाचे सोटमूळ लवकर खोल जाते आणि आखूड पिशवीत ते तळाशी गुंडाळले जाते. असे रोप वरून हिरवेगार दिसले तरी जमिनीत धड रुजत नाही. त्यामुळे लांब पिशवी वापरावी, किंवा सरळ कायमच्या जागीच दोन-तीन बिया टाकून त्यांतले जोमदार रोप ठेवावे, आणि माझ्या मते हाच मार्ग उत्तम. जांभ्या दगडाच्या सड्यावर खड्डा पहारीने खोल फोडून त्यात माती, कुजलेला पाला आणि शेणखत भरावे. पाणी साचत असेल तर चर काढावा.

लागवड पावसाच्या सुरुवातीला करावी. पहिली दोन वर्षे डिसेंबरपासून आठवड्याला पाणी, गुरांपासून कुंपण आणि बुंध्याभोवतीचे गवत काढणे एवढे पुरते. मोठ्या ऐनाची मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली जाड साल वणव्यात त्याला तारते. कोवळ्या रोपाला हे कवच नसते. उन्हाळ्यात पाने गळली म्हणून रोप उपटू नये. नखाने साल किंचित खरवडावी. आत हिरवे दिसल्यास ते जिवंत आहे.