कोल्हापुरातल्या बागा आणि दाजीपूरचं जंगल कसं बघावं?

अंबाबाईचं दर्शन, तांबडा-पांढरा, चपलांची खरेदी आणि वेळ उरलाच तर रंकाळा, असा बेत करून याल तर रंकाळ्यावर भेळ खाऊन परत जाल. भेळेला नावं ठेवायची नाहीत, पण हिरवं कोल्हापूर बघायचं तर आधी वेळ ठरवा, मग ठिकाण.

सुरुवात रंकाळा तलावापासून करा, तीही उजाडता उजाडता. संध्याकाळी तिथं माणसंच दिसतात. शालिनी पॅलेसच्या बाजूनं चालायला लागा आणि काठाला गवत किंवा केंदाळ दिसेल तिथं दोन-पाच मिनिटं गप्प उभे राहा. काळं अंग आणि कपाळावर पांढरा टिळा दिसला की तो वारकरी पक्षी. पंख पसरून दगडावर बसलेला असतो तो पाणकावळा. बुडी मारताना त्याच्या पिसांत पाणी शिरतं, ते वाळवल्याशिवाय त्याला नीट उडता येत नाही. त्यामुळे नवख्या माणसाला फोटो काढायला याच्याइतका सोयीचा पक्षी नाही! तलावातली काळ्या दगडातली जुनी वास्तू म्हणजे संध्यामठ, तो किती दिसेल हे पाणी किती आहे त्यावर ठरतं. उन्हाळ्यात बराच उघडा पडतो, पावसाळ्यात बुडतो. पक्ष्यांना ब्रेड, फरसाण टाकू नका.

लहान मुलं बरोबर असतील तर जवळच्या पद्माराजे उद्यानात त्यांना थोडं मोकळं सोडा. मग गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर जा. तिथं म्हशीचं दूध समोर पिळून देतात. सवय नसेल तर अर्धाच ग्लास घ्या.

ऊन चढलं की टाऊन हॉल गाठा. सीपीआर दवाखान्यासमोरच आहे. बागेत जुन्या झाडांची दाट सावली आहे आणि इमारतीत संग्रहालय. कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात सापडलेल्या वस्तू तिथं ठेवल्या आहेत. सोमवारी जाऊ नका, संग्रहालय बंद असतं.

दुसरी सकाळ शिवाजी विद्यापीठाला द्या. 1962 साली सुरू झालेल्या या विद्यापीठाचा परिसर आठशे एकरांहून मोठा आहे. आत मोर आहेत. ते शोधत फिरू नका. आधी ओरडणं ऐका, मग त्या दिशेला हळू चाला. गेटवर विचारून आत जा आणि गाडी एका जागी लावून पायीच फिरा.

दाजीपूरला मात्र वेगळा दिवस हवा. शहरापासून अंतर ऐंशी किलोमीटरच्या आसपास. एके काळी ही संस्थानची शिकारीची जागा होती. आज ती 351 चौरस किलोमीटरच्या राधानगरी अभयारण्यात येते. पावसाळ्यात जंगल सफर बंद असते, म्हणून दिवाळीनंतर जा आणि निघण्याआधी वनविभागाकडे चौकशी करा. आतला रस्ता खडबडीत आहे, तेव्हा स्वतःच्या गाडीचा हट्ट सोडून तिथली जीप घ्या. कपडे मातकट किंवा हिरवे घाला, अत्तर लावू नका. गवा दिसला तर जीपमधून उतरायचं नाही, हॉर्न वाजवायचा नाही. गवा शांत उभा दिसतो, पण बिथरला तर जीपलाही भारी पडतो. गवा नाहीच दिसला तर मान वर करा. एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर झेपावणारं शेकरू, म्हणजे मोठी खार, बऱ्याचदा दिसतं. परतताना राधानगरी धरणावर थांबा, शाहू महाराजांनी काम सुरू केलेलं धरण आहे. अंधार पडायच्या आत घाटवाट संपेल अशा बेतानं निघा.