यश म्हणजे काय हे आपलं आपण कसं ठरवायचं

चांगले मार्क, मग चांगला जॉब, मग लग्न, घर, गाडी, मुलं आणि परत मुलांचे चांगले मार्क. ही यादी बहुतेकांनी स्वतः बनवलेली नसते, ती आयती हातात पडते आणि आपण एकेक टिक करत सुटतो, आणि मग तिशी-चाळिशीत कधीतरी सगळं नीट चालू असताना सुद्धा रात्री झोप लागत नाही आणि नक्की कमी काय आहे ते सांगता येत नाही. आपण दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पीत असतो, त्यामुळे कितीही प्यायलो तरी तहान भागत नाही.

यावर सगळे सांगतात की मनाचं ऐक. मला हा सल्ला अपुरा वाटतो, कारण मन सुद्धा इतकी वर्षं लोकांचं ऐकूनच तयार झालेलं असतं, नुसतं डोळे मिटून बसलं तर आतून जो आवाज येतो तो बऱ्याचदा आईवडिलांचा किंवा वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलाचा किंवा बॉसचा असतो. म्हणून हे काम कागदावर करायचं, आणि एका बैठकीत होत नाही हे आधीच धरून चालायचं.

आधी बघा, कुठली इच्छा कुणाची आहे

कागद-पेन घ्या, मोबाईल नको, कारण त्यात मधेच नोटिफिकेशन येतं आणि ज्यांच्याशी तुलना थांबवायचीय नेमके तेच लोक समोर येतात. सध्या ज्या ज्या गोष्टींच्या मागे तुम्ही आहात त्या सगळ्या लिहून काढा. प्रमोशन, डिग्री, वजन कमी करणं, मोठं घर, फॉलोअर्स, जे असेल ते. छान दिसावं म्हणून काही लिहू नका, खरंच ज्यासाठी धावपळ चाललीय तेवढंच. मग प्रत्येकासमोर दोन गोष्टी लिहायच्या, एक म्हणजे हे मी उद्या सोडून दिलं तर पहिल्यांदा कुणाचा चेहरा डोळ्यासमोर येतो, आणि दुसरी म्हणजे सोडायचा विचार आल्यावर नक्की काय वाटतं, हळहळ वाटते की भीती?

हा हळहळ आणि भीतीमधला फरक फार कामाचा आहे. टोरी हिगिन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये मांडलं होतं की माणसाच्या डोक्यात स्वतःची तीन रूपं असतात, आत्ता आहे तो मी, मला व्हायला आवडेल तो मी, आणि मी असायलाच पाहिजे असं वाटतं तो मी. आवडेल त्या रूपापासून आपण लांब राहिलो तर उदास वाटतं, खंत वाटते. पण "असायलाच पाहिजे" वाल्या रूपापासून लांब राहिलो तर धास्ती वाटते, अपराधी वाटतं, कुणीतरी रागावणार आहे असं वाटत राहतं. तर तुमच्या यादीत ज्या गोष्टीचं नाव काढलं की पोटात गोळा येतो ती बहुतेक कुणीतरी तुमच्यावर टाकलेली आहे, आणि जी राहून गेली तर नुसतं वाईट वाटेल ती तुमची असण्याची शक्यता जास्त.

पण लगेच खोडाखोड करू नका. दुसऱ्याकडून आलेली प्रत्येक इच्छा वाईटच असते असं अजिबात नाही. आईवडिलांना वाटतं की मुलाने कुणापुढे हात पसरायची वेळ येऊ नये, ही इच्छा त्यांच्याकडून आली म्हणून टाकून द्यायचं काही कारण नाही, ती नीट बघून, विचार करून आपली म्हणून घेता येते. समाज सांगतो त्याच्या बरोबर उलट करणं म्हणजे सुद्धा समाजाच्याच तालावर नाचणं आहे.

कुणालाच कळणार नाही असं धरून बघा

आता यादीतली एकेक गोष्ट घ्या आणि अशी कल्पना करा की ती तुम्हाला मिळाली पण कुणालाही, म्हणजे अगदी कुणालाही कधीच कळणार नाही. स्टेटस नाही, फोटो नाही, घरी सांगायचं नाही, बायोडेटावर लिहायचं नाही. तरी हवीय का? काही गोष्टी इथे क्षणात गळून पडतात आणि काही अजूनच घट्ट होतात.

याचं टोकाचं उदाहरण म्हणजे रशियन गणितज्ञ ग्रिगोरी पेरेलमान. पॉइनकारे या फ्रेंच गणितज्ञाने मांडलेला, शंभर वर्षं कुणाला न सुटलेला प्रश्न त्यांनी सोडवला, २००२-०३ मध्ये पेपर इंटरनेटवर टाकून दिले, २००६ मध्ये गणितातलं सर्वात मानाचं फील्ड्स मेडल नाकारलं आणि २०१० मध्ये जाहीर झालेलं दहा लाख डॉलरचं बक्षीस सुद्धा घेतलं नाही. आपण बक्षिसं नाकारत फिरावं असं मी म्हणत नाहीये, बक्षीस मिळालं तर आनंदाने घ्या. पण त्यांना हवं होतं ते उत्तर सापडलं त्याच दिवशी मिळालं होतं, हे बघण्यासारखं आहे. तुमच्या यादीत असं काही आहे का जे काम पूर्ण झाल्या झाल्याच मिळतं, कुणी टाळ्या वाजवायची वाट बघावी लागत नाही?

आणि हे बघणं गरजेचं का, तर बक्षिसाची चटक लागली की मूळ आवड कमी होऊ शकते. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी नर्सरीतल्या मुलांवर एक प्रयोग केला, मुलं अशी निवडली की ज्यांना स्केचपेनने चित्रं काढायला आधीपासूनच आवडत होतं. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सर्टिफिकेट मिळेल आणि ते दिलं. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळेत पाहिलं तर ही मुलं बाकीच्यांच्या मानाने साधारण निम्माच वेळ चित्रं काढत होती. आवडीचं काम फक्त मार्कांसाठी, रेटिंगसाठी करायला लागल्यावर ते नकोसं का होतं याचा अनुभव आपल्यातल्या बऱ्याच जणांना असेल.

हेवा वाटतो तिथे थांबा

मला वाटतं सगळ्यात जास्त माहिती इथे मिळते आणि लोक नेमकं हेच टाळतात कारण हेवा वाटणं म्हणजे आपण वाईट असं शिकवलेलं असतं. पण हेवा सगळ्यांचा वाटत नाही. शंभर लोक आपल्यापेक्षा पुढे असतात, त्यातल्या तीन-चार जणांचाच वाटतो, तर ते तीन-चार कोण आणि त्यांच्याकडचं नेमकं काय हे खणून काढा. मित्राने स्वतःचा बिझनेस सुरू केला आणि डोक्यात भुंगा सुरू झाला, ठीक आहे, पण हेवा कशाचा? त्याच्या पैशाचा? लोक त्याला विचारतात त्याचा? की तो दुपारी चार वाजता मुलीला शाळेतून आणायला जाऊ शकतो याचा? जर तिसरं असेल तर तुम्हाला बिझनेस नकोच आहे, दुपारी चारची वेळ मोकळी हवी आहे, आणि ती मिळवायचे दुसरे दहा मार्ग असू शकतात ज्यात सगळी पुंजी पणाला लावावी लागत नाही.

असं करताना त्या माणसाचा पूर्ण दिवस डोळ्यासमोर आणा. त्याचं टेन्शन, त्याचं कर्ज, रात्री येणारे फोन, सगळं पॅकेज. ते सगळं घ्यायला तयार असाल तरच ती इच्छा यादीत ठेवा.

तुलना पूर्ण बंद करा असं सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही, ते जमत नाही. लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच म्हणून ठेवलंय की स्वतःला मोजायला पक्कं माप नसेल तर माणूस इतरांकडे बघूनच मोजतो. पण आपण कुणाकडे बघतोय हे तरी लक्षात येऊ शकतं. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमधल्या खेळाडूंच्या चेहऱ्यांचा अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात दिसलं की ब्राँझ मिळालेले खेळाडू सिल्व्हर मिळालेल्यांपेक्षा जास्त खूश होते. कारण असं मांडलं गेलं की सिल्व्हरवाला हुकलेल्या गोल्डकडे बघतो आणि ब्राँझवाला म्हणतो निदान मेडल तरी मिळालं. म्हणजे जास्त मिळवलेला माणूस कमी सुखी, फक्त नजर कुठे आहे त्यामुळे. तुमची पट्टी तुमच्याकडे नसेल तर तुम्ही कायम सिल्व्हरवाले राहणार, कारण पुढे कुणीतरी असतोच.

पैशाबद्दल खरं लिहा

यशाची व्याख्या लिहायला बसल्यावर "पैसा महत्त्वाचा नाही" असं लिहायचा मोह होतो, कृपया लिहू नका. कानेमान आणि डीटन या संशोधकांच्या २०१० च्या अभ्यासात अमेरिकेत वर्षाला साधारण ७५,००० डॉलरच्या पुढे रोजचा आनंद वाढत नाही असं दिसलं होतं आणि ते जगभर गाजलं, पण २०२१ मध्ये किलिंग्सवर्थ या संशोधकाने आनंद त्यापुढेही वाढतो असा वेगळा निष्कर्ष काढला आणि शेवटी २०२३ मध्ये दोन्ही बाजू एकत्र बसल्या तेव्हा निघालं की बहुतेकांच्या बाबतीत पैशाबरोबर आनंद वाढतच राहतो, फक्त जे आधीपासून दुःखी आहेत त्यांच्यात एका टप्प्यानंतर वाढायचा थांबतो. म्हणजे पैसा लागतो, आणि ज्याच्यावर घर अवलंबून आहे त्याला जास्त लागतो. तर एक आकडा काढा. महिन्याचा खर्च, हप्ते, आजारपणासाठी बाजूला काढायचे, म्हाताऱ्या माणसांची सोय, आणि थोडी मौज. जो येईल तो तुमचा "पुरेसा". तो नसेल तर सध्या ते गाठणं हेच यश आहे आणि त्यात कमीपणा काहीच नाही. तो असेल तर त्याच्या वरच्या प्रत्येक रुपयासाठी काय देताय, झोप, तब्येत, माणसं, हे समोर लिहा.

आता वाक्य लिहा

समजा एका सॉफ्टवेअरवाल्याने पहिल्या दिवशी लिहिलं, "मला टीम लीड व्हायचंय." कुणालाच कळणार नाही असं धरल्यावर त्याच्या लक्षात येतं की त्याला मीटिंगा, अप्रेझल, भांडणं सोडवणं यातलं काहीच नकोय. मग काय ओढत होतं? ज्युनियर मुलं लीडकडे जाऊन अडलेलं विचारतात, ते. तर तो खोडून लिहितो, "मला चांगला शिकवणारा व्हायचंय." बरं आहे, पण हे झालं की नाही ते कळणार कसं? तिसऱ्यांदा लिहितो, "दर महिन्याला निदान एका ज्युनियरला असं काहीतरी शिकवायचं की तेच परत त्याला कुणाला विचारावं लागू नये, आणि संध्याकाळी सातनंतर घरच्यांच्या वेळेत लॅपटॉप उघडायचा नाही." हे त्याच्या हातात आहे, महिन्याच्या शेवटी तपासता येतं, आणि कुणाच्या मेहेरबानीवर अवलंबून नाही.

पण अजून एक ओळ राहिली, किंमतीची. "यामुळे माझ्या बरोबरीचे माझ्या आधी लीड होतील, त्यांचा पगार जास्त असेल, आणि ते मला चालेल." ही ओळ लिहिताना हात अडला तर वर जाऊन वाक्य बदला, कारण मग व्याख्या अजून खरी झालेली नाही. माझ्या मते अख्ख्या कामातली सगळ्यात महत्त्वाची ओळ हीच, आणि हीच लोक लिहीत नाहीत, मग सहा महिन्यांनी कुणाचं तरी प्रमोशन झालं की सगळं कोलमडतं.

दोन-तीन वाक्यांपेक्षा जास्त नको. नोकरी लगेच सोडू नका, काही मोठं जाहीर करू नका, तीन महिने आहे त्याच आयुष्यात ही व्याख्या वापरून बघा. कुणी जास्तीचं काम गळ्यात मारलं, कुठला कोर्स समोर आला, कुठल्या समारंभाला जायचं की नाही, अशा छोट्या निर्णयात ती उपयोगी पडते का बघा. पडत नसेल तर ती नुसती सुविचारासारखी झालीय, परत लिहा.

घरच्यांना कसं सांगायचं

वाद घालून कुणी पटवून घेत नाही. घरचे "लोक काय म्हणतील" म्हणतात तेव्हा बऱ्याचदा त्यांना विचारायचं असतं की उद्या तुझं कसं होणार, पण ते तसं म्हणता येत नाही. उत्तर त्या भीतीला द्या. "बाबा, सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवलाय, इन्शुरन्स चालू आहे, एक वर्ष हे करून बघतो आणि मग आपण परत बसून बोलू." यात मोठी तत्त्वं नाहीत पण आकडा आहे आणि मुदत आहे, त्यावर बोलता येतं. लांबच्या नातेवाइकांना तर एवढं सुद्धा सांगायची गरज नसते, "मस्त चाललंय, तुम्ही कसे आहात" पुरतं.

नवरा-बायकोचं मात्र वेगळं आहे, कारण तिथे एकाच्या व्याख्येची किंमत दुसरा मोजतो. दोघांनी आपापला कागद वेगवेगळा लिहा, एकमेकांचा न बघता, आणि मग अदलाबदल करून वाचा. बऱ्याच गोष्टी जुळतील. जिथे टक्कर होते, म्हणजे एकाला गाव बदलायचंय आणि दुसऱ्याला इथलं काम सोडायचं नाहीये, तिथे कोण बरोबर हे ठरवत बसू नका, पुढच्या एका वर्षापुरतं कुणाचं आधी आणि त्या बदल्यात दुसऱ्याला काय मिळणार एवढं ठरवा, कागदाच्या मागे तारीख घालून लिहा, आणि ती तारीख आली की दोघांचे कागद परत काढून नव्याने बसा.