अनोळखी पतंग ओळखायचा कसा? मराठवाड्यातल्या निरीक्षकांसाठी

मराठवाड्यात पतंगांशी बहुतेकांची गाठ पडते ती अळीच्या रूपात. कपाशीवर गुलाबी बोंडअळी, हरभऱ्यावर आणि तुरीवर घाटेअळी, मक्यावर 2018 मध्ये भारतात दाखल झालेली अमेरिकन लष्करी अळी. पिकाचं नुकसान करणारी ही मोजकी नावं सोडली, तर ओसरीतल्या दिव्यावर येऊन बसणारे बाकीचे सगळे पतंग बिननावाचेच राहतात. भारतात पतंगांच्या 10 हजारांहून जास्त जातींची नोंद आहे. सह्याद्रीच्या मानाने आपल्याकडे हे काम फार कमी झालंय. त्यामुळे जालना, हिंगोली किंवा धाराशिवमधल्या एखाद्या शेतकऱ्याने, शिक्षकाने, विद्यार्थ्याने नीट केलेली नोंदही मोलाची ठरते. अट एकच: खात्रीने जिथवर सांगता येतं तिथवरच नाव सांगायचं, आणि तिथवर कसे पोचलो त्याचा पुरावा जवळ ठेवायचा.

आधी वर्गीकरणाची उतरंड लक्षात घ्या. सगळे पतंग आणि फुलपाखरं मिळून लेपिडोप्टेरा हा गण होतो. गणात कुलं, कुलात प्रजाती आणि प्रजातीत जाती. ओळख पटवायची तीही याच क्रमाने, वरून खाली. बरेच जण फोटोवरून एकदम जातीच्या नावावर उडी मारतात आणि तिथेच गाडी घसरते.

पडदा कधी आणि कुठे लावायचा

रात्री दिव्याजवळ पांढऱ्या कापडाचा पडदा लावला की पतंग त्यावर येऊन बसतात आणि नीट बघता येतात. मृगाचे पहिले पाऊस पडून गेले की पतंगांचा हंगाम सुरू होतो. जून-जुलै आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने उत्तम. अमावस्येच्या आसपासची, ढगाळ, दमट आणि वारा पडलेली रात्र निवडा. पौर्णिमेला पडदा बराचसा रिकामा राहतो.

पांढरं धोतर किंवा सुती चादर दोन झाडांना बांधलेल्या दोरीवर टाकायची आणि खालचं टोक जमिनीवर पसरून ठेवायचं, म्हणजे खाली पडणारे पतंगही दिसतात. पतंगांना अतिनील प्रकाश जास्त ओढतो. घरातल्या एलईडी बल्बमध्ये तो जवळजवळ नसतो, म्हणून मर्क्युरी बल्ब किंवा अतिनील ट्यूब वापरा. त्या ट्यूबकडे टक लावून बघू नका, डोळ्यांना इजा होते. पायात बूट आणि हातात बॅटरी हवीच. पडद्याभोवती किडे जमले की बेडूक येतात आणि बेडकांमागे साप.

सात ते दहा या वेळात खूप पतंग येतात, पण काही मोठे पतंग मध्यरात्रीनंतरच उतरतात. उजाडण्याआधी दिवा बंद करून पडदा हलक्या हाताने झटकायचा. एवढं एक काम कधीही चुकवू नका. नाहीतर सकाळी कोतवाल आणि साळुंक्या येऊन पडद्यावर बसलेलं सगळं वेचून खातात.

एका पतंगाचे किती फोटो

पाठीचा एकच सुंदर फोटो ओळखीला पुरत नाही. पाठ, बाजू, चेहरा आणि जमलं तर पोटाकडची बाजू, असे फोटो हवेत. मागचे पंख बहुधा पुढच्या पंखांखाली झाकलेले असतात आणि ओळखीची खूण नेमकी तिथेच असते. मऊ ब्रशने किंवा गवताच्या काडीने पुढचा पंख जरासा सरकवला की पतंग बऱ्याचदा मागचा पंख उघडतो. तेवढ्यात फोटो घ्या. बोटाने पंख धरू नका, खवले निघून येतात आणि नक्षी पुसली जाते.

शेजारी मिलिमीटरची पट्टी किंवा आलेखाचा कागद ठेवा. मोजायची ती पुढच्या पंखाची लांबी, बुडापासून टोकापर्यंत. पंख किती उघडलेत त्यावर सगळा पसारा कमीजास्त दिसतो, ही लांबी मात्र बदलत नाही.

वहीत त्याच वेळी लिहा: गाव, तालुका, जिल्हा, तारीख, वेळ, दिव्याचा प्रकार आणि आजूबाजूची झाडं. “शेतात” एवढं लिहून भागत नाही. “बांधावरच्या कडुनिंबाखाली, निंबावर गुळवेल चढलेली” असं लिहा. त्या गुळवेलीचं काम पुढे पडणार आहे.

कुलापर्यंत पोचणं

पहिला अंदाज बसण्याच्या ढबीवरून येतो. पंख पूर्ण पसरून भिंतीला चपटा चिकटलेला पतंग असेल तर जिऑमेट्रिडी कुल आठवा. या कुलातल्या अळ्या वीत टाकत चालतात, कारण त्यांच्या पोटाच्या मधल्या भागात पाय नसतात. अरुंद, टोकदार पुढचे पंख, भरीव अंग आणि जाड शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) दिसल्या की स्फिंजिडी. कण्हेरीवरची हिरवी झाक असलेली जात आणि पाठीवर कवटीसारखी खूण असलेला तिळावरचा पतंग, दोन्ही याच कुलातले. बारीक पिसांसारखे पंख आडवे पसरून इंग्रजी टी अक्षरासारखा बसणारा तो टेरोफोरिडी. छपरासारखे उतरते पंख आणि पुढच्या पंखावर मूत्रपिंडाच्या आकाराचा ठिपका असेल तर नॉक्टुइडीची शक्यता मोठी. घाटेअळीचा पतंग याच कुलातला.

ढब फसवूही शकते, म्हणून चेहरा बघायचा. शृंगिका दोऱ्यासारख्या आहेत की पिसासारख्या? अनेक कुलांत पिसासारख्या शृंगिका म्हणजे नर. तोंडापुढे चोचीसारखं काही आलंय का? सोंड आहे का? टसर रेशीम देणाऱ्या पतंगाच्या कुलात, सॅटर्निडीत, प्रौढ काहीच खात नाहीत. अळी असताना साठवलेल्या शक्तीवर ते थोडे दिवस जगतात.

जुनी पुस्तकं वाचताना एक काळजी घ्या. ब्रिटिश काळात जॉर्ज हॅम्पसन यांनी भारतातल्या पतंगांवर 1892 ते 1896 दरम्यान चार खंड लिहिले आणि त्यातली वर्णनं आजही उपयोगी पडतात. नावं आणि कुलं मात्र बदलली आहेत. आर्क्टिडी आणि लिमँट्रिडी ही पूर्वी स्वतंत्र कुलं होती. डीएनएवरच्या अभ्यासानंतर ती एरेबिडी या मोठ्या कुलात उपकुलं म्हणून गेली. जुन्या पुस्तकातलं नाव आजच्या यादीत सापडलं नाही, तर ती जात नाहीशी झाली असं समजू नका, तिचा पत्ता बदललाय.

एक उदाहरण: मोसंबीच्या बागेतला पतंग

जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. आंबे बहाराची फळं पक्व होऊ लागली की अंधार पडल्यावर बागेत मोठे, तपकिरी पतंग फिरताना दिसतात. फळाला टाचणीएवढं भोक पडतं, भोवतालचा भाग तपकिरी होतो, फळ आतून आंबतं आणि गळतं. शेतकरी त्याला रस शोषणारा पतंग म्हणतात. पण तो नेमका कोणता?

बॅटरीच्या उजेडात बघितलं तर पुढचे पंख वाळक्या पानाच्या रंगाचे दिसतात. पतंग झाडावर स्वस्थ बसलेला असेल तर पान आणि पतंग वेगळे काढता येत नाहीत. तो दचकला की मागचे पंख उघडतात आणि गडद नारिंगी रंग समोर येतो. इथवर आलात की कुल एरेबिडी, प्रजाती यूडोसिमा, हे बऱ्यापैकी ठरतं. पंखांचा पसारा 8 ते 10 सेंटीमीटर असतो, तोही जुळतो.

आता त्या नारिंगी पंखाच्या मधोमध असलेला काळा ठिपका बघा. तो गोल, सुटा असेल तर यूडोसिमा मॅटर्ना. वाकलेला, स्वल्पविरामासारखा असेल तर यूडोसिमा फलोनिया असण्याची शक्यता. शक्यता म्हणतोय, कारण या प्रजातीच्या आणखीही जाती भारतात आहेत आणि त्यातल्या काहींचा मागचा पंख फलोनियाच्या फार जवळ जातो. पुढच्या पंखांवरून ठरवायला जाऊ नका. नर आणि मादी यांची नक्षी वेगळी असते आणि एकाच जातीचे दोन पतंग दोन जातींचे वाटतात.

आणखी एक सावधगिरी. फळावर बसलेला प्रत्येक पतंग भोक पाडणारा नसतो. यूडोसिमाच्या सोंडेचं टोक टणक आणि काटेरी असतं, म्हणून ती साल भेदते. भोक पडल्यावर तिथून झिरपणारा रस प्यायला मऊ सोंडेचे कितीतरी पतंग येतात. एरंडीवर ज्याच्या अळ्या वाढतात तो अकिया जनाटा त्यातलाच. “मोसंबीवर सापडला” एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही, सालीत सोंड खुपसताना बघितलं का, ते लिहा.

खरा पुरावा मात्र बागेबाहेर, बांधावर असतो. यूडोसिमाच्या अळ्या मोसंबी खात नाहीत. त्या गुळवेल, वासनवेल यांच्या पानांवर वाढतात. अळी गडद, मखमली अंगाची असते, बाजूंवर डोळ्यांसारखे मोठे ठिपके असतात आणि हात लागला की डोकं आत वळवून अंगाची कमान करते. एकदा बघितली की विसरत नाही.

अळी वाढवून बघणं

नाव पक्कं करण्याचा मला सगळ्यात भरवशाचा वाटणारा मार्ग हाच. रुंद तोंडाच्या बरणीत तळाला कागद घाला, तोंडाला मलमलचं कापड बांधा आणि ज्या वेलीवर अळी सापडली त्याच वेलीची ताजी पानं रोज द्या. विष्ठा रोज काढा, नाहीतर बुरशी धरते. बरणी उन्हात ठेवू नका. काही अळ्या मातीत कोष करतात, त्यांच्यासाठी दोन बोटं ओलसर माती लागते. यूडोसिमा पानं रेशमाने जोडून त्यातच कोष करते. केसाळ किंवा काटेरी अळी मात्र हाताने उचलू नका, ब्रश वापरा.

कधी कोषातून पतंगाऐवजी लहानशी गांधीलमाशी किंवा माशी बाहेर येते. निराश होऊ नका आणि ती टाकूनही देऊ नका. कोणत्या अळीवर कोणता परजीवी जगतो याची नोंद दुर्मिळ असते आणि शेतीच्या दृष्टीने तर ती फार कामाची.

कुठे थांबायचं

मोबाइलवरचं ओळख सांगणारं ॲप त्याच्याकडच्या फोटोंशी तुमचा फोटो ताडून बघतं. कमी माहितीतल्या जातीचे फोटोच नसतील तर ते जवळच्या, प्रसिद्ध जातीचं नाव देतं. म्हणून त्याचं उत्तर कुलापुरतं किंवा फार तर प्रजातीपुरतं धरा.

तागावर आणि खुळखुळ्यावर दिसणारा पांढरा, लाल-काळ्या ठिपक्यांचा नाजूक पतंग घ्या. प्रजाती यूटेथीझा, हे सहज ठरतं. तिच्या जाती बाहेरून इतक्या सारख्या दिसतात की नुसत्या फोटोवर पुढे जाऊ नये. अशा वेळी तज्ज्ञ नराची जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. तोवर नोंदीत “यूटेथीझा, जात अनिश्चित” असं लिहा. ही नोंद पूर्ण आणि प्रामाणिक आहे.

जातीचं नाव मिळालंच तर त्यापुढचा लेखक, म्हणजे त्या जातीचं पहिलं वर्णन करणारा, आणि वर्षही उतरवा. “यूडोसिमा मॅटर्ना (लिनियस, 1767)” यातल्या कंसाला अर्थ आहे: लिनियसने ही जात आधी दुसऱ्या प्रजातीत ठेवली होती, नंतर ती हलवली गेली. जुने संदर्भ शोधताना हा कंस वाट दाखवतो.

नोंद आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर किंवा मॉथ्स ऑफ इंडिया या संकेतस्थळावर द्या, सगळे फोटो आणि झाडाचं नाव जोडून. पिकाशी संबंध असेल तर परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातला कीटकशास्त्र विभाग जवळचा. मेलेला, धड असलेला पतंग सापडला तर कागदाच्या त्रिकोणी पुडीत ठेवा, पुडीवर पेन्सिलीने ठिकाण आणि तारीख लिहा, आणि मुंग्या लागू नयेत म्हणून घट्ट डब्यात डांबरगोळीसोबत ठेवा. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं पुण्यात विभागीय केंद्र आहे. नमुना तिथे पाठवण्याआधी फोटो दाखवून विचारा. गौताळा, नायगाव किंवा येडशीच्या अभयारण्यात पडदा लावायचा असेल, नमुना उचलायचा असेल, तर वनविभागाची लेखी परवानगी आधी घ्या आणि ती सोबत ठेवा.