स्टोअर्ड प्रोसिजरकडे स्वतःचा डेटा प्रकार पाठवण्याआधीची तयारी

अ‍ॅप्लिकेशनमधून अनेक ओळी स्टोअर्ड प्रोसिजरकडे (डेटाबेसमध्येच साठवलेल्या आज्ञासंचाकडे) एकाच वेळी पाठवायच्या असतील, तर कोडला हात लावण्याआधी आपल्या डेटाबेसमध्ये त्याची सोय कोणत्या रूपात आहे हे पाहून घ्यावे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये २००८ या आवृत्तीपासून टेबल-व्हॅल्यूड पॅरामीटर (अख्खे टेबल एकाच मूल्यासारखे पाठवण्याची सोय) आहेत, ओरॅकलमध्ये ऑब्जेक्ट व कलेक्शन प्रकार आहेत, पोस्टग्रेसमध्ये कंपोझिट प्रकार व अ‍ॅरे आहेत. मायएसक्यूएलमध्ये यांपैकी काहीच नसल्याने तिथे जेसन (मजकूर रूपात मांडलेला डेटा) पाठवावे आणि ८.० आवृत्तीतील जेसन_टेबल या फंक्शनने त्याच्या ओळी करून घ्याव्यात. पुढील मजकूर मुख्यतः एसक्यूएल सर्व्हर आणि डॉटनेट वापरणाऱ्यांसाठी आहे.

असा पॅरामीटर वापरण्यासाठी डेटाबेसमध्ये आधी टेबल प्रकार, म्हणजे त्याच्या स्तंभांची रचना, तयार करावा लागतो. तो एकदा तयार झाला की त्याची रचना बदलता येत नाही, आणि एखादी प्रोसिजर तो वापरत असेल तोवर तो काढूनही टाकता येत नाही. म्हणून स्तंभांची लांबी, दशांश स्थळे, नल (मूल्यच नसणे) चालेल की नाही आणि प्रायमरी की (ओळीची ओळख ठरवणारा स्तंभ) या गोष्टी आधीच ठरवाव्यात. तरीही बदल करावाच लागला, तर नव्या नावाचा दुसरा प्रकार तयार करून प्रोसिजर सवडीने त्यावर आणणे मला अधिक सुरक्षित वाटते.

सर्वाधिक काळजी स्तंभांच्या क्रमाची घ्यावी. डेटाटेबल म्हणजे डॉटनेटमध्ये पाठवायच्या ओळी ठेवण्याचे टेबल; त्यातील स्तंभ टेबल प्रकारातील स्तंभांशी नावाने नव्हे, तर क्रमाने जुळवले जातात. त्यामुळे नग आणि दर हे दोन्ही पूर्णांक असून त्यांची अदलाबदल झाली, तर कोणतीही त्रुटी न येता चुकीची नोंद मुकाट्याने टेबलात जाऊन बसते. चाचणीसाठी प्रत्येक स्तंभात वेगळे मूल्य असलेली एक ओळ पाठवून ती परत वाचावी. सगळीकडे १ भरलेली चाचणी इथे निरुपयोगी आहे. डेटाटेबलच्या स्तंभाला प्रकार दिला नाही तर तो मजकूर मानला जातो, हेही ध्यानात ठेवावे.

कोडमध्ये पॅरामीटरचा प्रकार स्ट्रक्चर्ड ठेवून टेबल प्रकाराचे नाव स्कीमासह (तो डेटाबेसमधील ज्या गटात आहे त्याच्या नावासह) लिहावे. प्रोसिजरमध्ये हा पॅरामीटर रीडओन्ली (केवळ वाचण्यापुरता) असणे बंधनकारक आहे, त्यामुळे ओळींमध्ये फेरफार करायचा असल्यास त्या आधी तात्पुरत्या टेबलात घ्याव्यात. या पॅरामीटरच्या स्तंभांची सांख्यिकी (कोणती मूल्ये किती आहेत याची माहिती) डेटाबेस ठेवत नाही, म्हणून दुसऱ्या टेबलाशी मोठी जोडणी (जॉइन) करतानाही तात्पुरते टेबल बरे पडते. यादी रिकामी असू शकते का, हेही तपासावे: रिकामे डेटाटेबल चालते, पण एसक्यूएलडेटारेकॉर्डची (डेटाटेबलऐवजी एकेक ओळ पाठवण्याचा डॉटनेटमधील प्रकार) रिकामी मालिका पाठवल्यास त्रुटी येते, तिथे नल द्यावे.

परवानगीचा मुद्दा हमखास विसरला जातो. अ‍ॅप्लिकेशनच्या लॉगिनला प्रोसिजरप्रमाणेच त्या टेबल प्रकारावरही एक्झिक्यूटचा (वापरण्याचा) अधिकार लागतो, आणि विकसकाच्या खात्याला बहुधा सर्वच अधिकार असल्याने ही उणीव त्याच्या यंत्रावर दिसत नाही.

ओरॅकलवर काम असेल तर प्रकाराचे नाव अवतरणांशिवाय तयार केल्यास ते मोठ्या अक्षरांत साठवले जाते, आणि रिकामा मजकूर तिथे नल ठरतो. पोस्टग्रेससोबत एनपीजीएसक्यूएल (डॉटनेटला पोस्टग्रेसशी जोडणारी लायब्ररी) असेल, तर ते प्रकारांची माहिती एकदा वाचून जवळ ठेवते. चालू अ‍ॅप्लिकेशनच्या मागे नवा प्रकार तयार केला, तर ती माहिती पुन्हा वाचायला लावावी.