वृद्धाश्रमात आजी-आजोबांचे पडणे कसे टाळावे

वृद्धाश्रमात कुणी पडले की पहिला दोष ओल्या लादीला दिला जातो; पण ती व्यक्ती कुठे निघाली होती, हे आधी विचारावे. रात्रीच्या पडण्यात उत्तर बहुधा एकच मिळते: लघवीला. म्हणून पलंगापासून संडासापर्यंतची वाट सर्वांत आधी तपासावी, आणि तीही दिवसा नव्हे, तर दिवे मालवल्यावर स्वतः चालून; सरकणारे पायपुसणे, उंबरठा आणि लोंबणारी वायर तेव्हाच पायाला जाणवते. या वाटेवर रात्रभर मंद दिवा हवा. पलंगाच्या कडेला बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. कमोडशेजारी आधाराचा दांडा भिंतीत पक्का बसवावा. टॉवेलच्या दांडीला धरून उठणाऱ्या एका आजींच्या हातात ती स्क्रूसकट आलेली मी पाहिली आहे.

बेल बसवली म्हणजे ती वाजवली जाईलच, असे नाही. दुसऱ्यांची झोपमोड नको म्हणून कित्येक आजी अंधारातच उठतात. तेव्हा निजण्यापूर्वी आणि पहाटे मावशींनी आपणहून "आजी, जाऊन यायचं का?" असे विचारण्याचा नेम ठेवावा. मला हा सर्वांत मोलाचा उपाय वाटतो.

रक्तदाबाच्या, झोपेच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांमुळे उठताना भोवळ येऊ शकते. पाच मिनिटे आडवे राहिल्यावर रक्तदाब मोजावा आणि आधार देऊन उभे केल्यावर १ व ३ मिनिटांनी पुन्हा मोजावा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना कळवावे, गोळी परस्पर बंद करू नये. चप्पल मागे पट्टा असलेली, न घसरणारी असावी. साडी किंवा लुंगी घोट्याच्या वर राहावी.

"पडाल, बसून राहा" असे मात्र कधीही म्हणू नये, कारण बसून राहिल्याने पायांतली ताकद जाते आणि पडण्याचा धोका उलट वाढतो. पलंगाला बांधणे तर सर्वथा गैर आहे. भक्कम खुर्चीची पाठ धरून टाचा उचलणे आणि खुर्चीतून सावकाश उठबस करणे, हा व्यायाम कुणाच्या तरी देखरेखीखाली रोज करून घ्यावा.

एवढे करूनही कुणी पडलेच, तर घाईने ओढून उठवू नये. जांघेत कळ येत असेल किंवा एक पाय आखूड होऊन बाहेर वळलेला दिसत असेल, तर न हलवता रुग्णवाहिका बोलवावी. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असताना डोक्याला मार लागला, तर वरून बरे दिसले तरी ताबडतोब रुग्णालयात न्यावे. त्यानंतर वेळ, जागा, पायातली चप्पल आणि निघण्याचे कारण वहीत त्याच दिवशी लिहावे.